खाली बघून चालणाऱ्या आक्का

येडशीच्या डोंगरात पहाटे कोण आलं, कुठून आलं आणि काय खाऊन गेलं, हे त्या जनावराच्या खालोखाल कुणाला ठाऊक असेल तर ते आमच्या आक्कांना. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. उभा जन्म शिवणयंत्रापुढे मान खाली घालून बसल्या आणि यंत्र बंद केल्यावरही ती मान काही वर आली नाही. फक्त कापडाच्या जागी माती आली. गळ्यातली टेप मात्र तशीच राहिली. पंजा दिसला की आधी लांबी, मग रुंदी. घरी कुणी आलं तरी त्या तोंडाकडे न बघता उंबऱ्याबाहेरच्या चपला बघतात. माझ्या वडिलांचा डावा गुडघा दुखतो, हे मला त्यांच्या झिजलेल्या टाचेवरून आक्कांनीच सांगितलं. मधे घरातल्या वाट्या एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. शेजारीपाजारी विचारून मी दमले आणि एका सकाळी आक्कांबरोबर डोंगराच्या पायवाटेला गेले, तर दहा-दहा पावलांवर माझी एकेक वाटी पालथी, वर दगड. "ह्या वाटीखाली सायाळ हाय, त्या पल्याड मुंगूस," आक्का म्हणाल्या. "तुला दावायचं म्हणून झाकून ठिवलंय. पाय पडला असता कुणाचा."

दोन वर्षांमागं ज्वारीच्या काढणीत डोंगराकडच्या ओढ्याला मोठे पंजे उमटलेले दिसले आणि गावभर बिबट्याची बोंब झाली. बायका कामावर येईनात. पुरुषांनी ठरवलं, डोंगरउतारावरचं गवत पेटवून द्यायचं, म्हणजे जनावर आपोआप पळेल. आक्का ताटावरून उठल्या आणि तशाच ओढ्यावर गेल्या, मी मागं. माणसं काड्यापेट्या घेऊन उभीच होती. आक्का चिखलात बसल्या, टेप लावली.

"नखं उमटल्यात बघा. बिबट्या नखं आत घिऊन चालतो. हे तरस हाय."

"आन् बिबट्या निघाला तर?" एकानं विचारलं.

"तर म्या पुढं हाय की. तुमी मागनं या."

त्या निघाल्या. वाटेत एके ठिकाणी त्यांचा पाय घसरला, त्या दोनतीनदा तिथंच पाय रेटून सावरल्या आणि पुन्हा चालू लागल्या. माग थेट ओढ्याच्या वळणावर गेला. तिथं कुणीतरी मेलेला बैल वरवर माती टाकून पुरला होता आणि तो अर्धा उकरलेला होता. खड्डा खोल करून बैल पुन्हा पुरला आणि माणसं घरी गेली. गवत वाचलं.

परतताना आक्कांनी माझा हात घट्ट धरला होता. माणसं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "म्या पाय रेटला न्हवं, तिथं बिबट्याचा पंजा हुता. दोन दिवसांमागचा. वर रामलिंगाच्या देवळाकडं गेलेला."

मी जागच्या जागी थांबले. "आक्का, तुम्ही खोटं बोललात?"

"तरसाचं खरंच बोलले. बिबट्याबी हाय का, असं कुणी इचारलं न्हाय." मग म्हणाल्या, "उद्यापास्नं बायकांसंगं रानात मीच जाते."

आणि गेल्या. काढणी संपेपर्यंत रोज सकाळी बायकांच्या पुढं आक्का, हातात काठी, मान खाली. कशासाठी ते त्या बायकांना अजूनही ठाऊक नाही. त्यांना वाटलं, म्हातारीला करमत नाही.

आता आक्कांच्या डोळ्यांत सारा आला आहे, पायाखालचंही धूसर दिसतं. ठसे मी शोधते आणि त्या बोटांनी चाचपून बघतात. परवा माळावर मऊ मातीत एक पंजा दिसला. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आक्का, लांडगा." त्या हळूहळू खाली बसल्या, मातीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिल्या. मला वाटलं, मी बरोबर ओळखलं.

"कुत्रं हाय," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून उठल्या, पदरानं बोटं पुसली आणि माळाकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"असू दे. आज लांडगाच म्हणू," त्या म्हणाल्या. "लई दिसात आला न्हाय."