रिकाम्या पोटाची साखर

वच्छलाबाई गावंडे यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळची साखर जास्त आल्याने दुसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं, त्या दिवशी त्या यजमान मोतीरामांबरोबर अमरावतीहून मोर्शीला परतल्या. घरी आल्यावर चपला काढता काढता मोतीरामांनी विचारलं, "रात्रीले काय खाऊन राहिली तू?"

"काई नाई."

"मंग उपाशीपोटी दोनशे अठरा साखर येते कुठून?"

वच्छलाबाई अंगणवाडी सेविका. सहा वर्षांचा मधुमेह त्यांनी शिस्तीत सांभाळला होता. बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी एकच भाकर, वेळेवर गोळी. जेवणानंतरची साखर ताब्यात असायची, सकाळची मात्र चढलेली. का, ते त्यांनाही कळत नव्हतं. त्या फक्त "म्या खाल्लं नाई" एवढंच सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मोतीरामांनी गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. सून रागिणी बघत होती.

ऑपरेशनसाठी मिळालेल्या तिसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी वच्छलाबाई "भूक नाई" म्हणून जेवल्या नाहीत, आणि कोणाला न सांगता एका गोळीच्या जागी दोन घेतल्या. एकदाचा आकडा खाली यावा, एवढंच डोक्यात होतं.

सकाळच्या बसने मोर्शी सोडली आणि त्यांचे हात थरथरायला लागले. पोलकं घामाने भिजलं. मोतीरामांनी विचारलं, तर पोरांना खिचडी वाढायची राहिली म्हणून त्या उठू लागल्या. पुढच्या सीटवरची बाई वळली. "साखर उतरली बाईची. माह्या सासऱ्याचं असंच होते. गोड द्या लवकर."

मोतीरामांजवळ काहीच नव्हतं. कंडक्टरने चहाच्या टपरीशी गाडी थांबवली. मोतीराम धावत गेले आणि ग्लासभर पाण्यात साखर ढवळून घेऊन आले. वच्छलाबाईंचे दात ग्लासावर वाजत होते, पण घोट उतरत होता. दहा-पंधरा मिनिटं गेली. मग त्यांनी नवऱ्याला ओळखलं.

ऑपरेशन अर्थातच झालं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना मधुमेहाच्या डॉक्टर मैथिली यांच्याकडे पाठवलं. तिथे वच्छलाबाईंनी दोन गोळ्यांचं सांगून टाकलं.

"काकू, हे जिवावर बेतलं असतं," मैथिली म्हणाल्या. "आता चार दिवस झोपताना, पहाटे तीनला आणि सकाळी उठल्याबरोबर घरीच ग्लुकोमीटरवर साखर तपासा. आकडे लिहून आणा."

मोतीरामांच्या मनातला संशय पुरता गेला नव्हता. पहिल्या रात्री तीनला त्यांनी बायकोचं बोट टोचलं. एकशे चाळीस. मग ते झोपलेच नाहीत. पलंगासमोर खुर्ची टाकून बसून राहिले. वच्छलाबाई त्यांच्या डोळ्यांदेखत सहापर्यंत झोपून होत्या. पुन्हा टोचलं. दोनशे नऊ. त्यांनी नवी पट्टी लावून पाहिलं. दोनशे सहा.

चारही दिवस तसंच.

"पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं," मैथिलींनी वही बघून सांगितलं. "तेव्हा यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसाचं इन्सुलिन ती आवरतं, यांचं कमी पडतं. यात खाण्याचा दोष नाही."

त्यांनी संध्याकाळची गोळी बंद केली आणि झोपताना इन्सुलिनची छोटी मात्रा सुरू केली. ती त्यांना विचारूनच वाढवायची होती.

बाहेर बाकावर बसल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "सुनेपुढे चोर केलं तुमी मले."

"चुकलं माह्यं," मोतीराम म्हणाले. घरी गेल्यावर रागिणीला बोलावून तिच्यासमोर ते पुन्हा तेच म्हणाले.

पाच आठवड्यांनी ऑपरेशनच्या सकाळी आकडा एकशे अडतीस आला. डोळा छान झाला. अजूनही एखाद्या सकाळी साखर चढते. वच्छलाबाई वहीत लिहितात, गरज वाटली तर मैथिलींना फोन करतात आणि अंगणवाडीला निघतात.