उभ्यानं मीटिंग

माझी सून घरनंच कंप्यूटरचं काम करते. बंदरातली कंची कंटेनरची गाडी कवा सोडाची, ते त्यात मांडतात म्हनं. मला त्यातलं काय कळत न्हाय.

तिच्या हापिसात नवीन पद्धत आली. रोज सकाळी समद्यांनी उभं राहून मीटिंग कराची, तिला स्टँडअप म्हनतात. सून तवा सात म्हयन्याची पोटुशी. तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून ही पुढं उभी.

मी इचारलं, "बाय, उभं कशाला?"

"उभं राहिलं की मीटिंग लवकर संपते, आई."

"मग ही संपत का न्हाय?"

"हळू बोला, त्यांना ऐकू जातंय."

माझ्या भाकऱ्या व्हायच्या, मासळी साफ करून व्हायची, तरी ही उभीच. काल काय केलं, आज काय करनार, एकेकानं सांगाचं. सायेब म्हनायचा, हितं कोन सायेब न्हाय, एकमेकाला सांगा. पन समदी त्यालाच सांगायची. तो एकाला धरून इचारीत बसायचा, बाकीची ताटकळत. मी मिठागरात कामाला व्हती, तितं मुकादम पन उभं करून हजेरी घ्याचा. पन तो मुकादमच व्हता. हा कोन, ते मला कळंना.

सुनंचे पाय सुजले. बोट दाबलं तर खड्डा राहायचा. डाक्टरीन म्हनली, जास्त उभी राहू नको.

"मग बस की."

"मी एकटीच कशी बसू, आई? बरं दिसत नाही."

माझं पयलं पोर मिठागरात पोटातच गेलं. सातवाच म्हयना, पाय दिसभर खाऱ्या पान्यात, असेच सुजलेले. बस म्हनून कोन बोललं न्हाय, मी बी बसली न्हाय. हे सुनंला कवा सांगितलं न्हवतं. त्या दिशी सांगितलं.

दुसऱ्या सकाळी मीटिंग चालू झाली, तशी तिच्या मागं खुर्ची ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलं नि बसली. डबा उंच, तिकडं तिचं नुसतं कपाळ दिसत असंल.

"काय झालं?" सायेबानं इचारलं.

"पाय सुजलेत, सर. मी बसून बोलते."

मग एक पोरगी बसली. मग एक पोरगा. मग सायेब पन कमरंला हात लावून बसला.

"सर, तुमचा कितवा महिना?" कोनतरी म्हनलं. समदी हसली.

आता रोज समदी बसूनच करतात. मीटिंग आजून लांबली. सून तरी म्हनतेच, "आई, हळू, स्टँडअप चालू आहे." मी बघते तर एक बी उभा न्हाय. काय समजावं?

सूज उतरली मातर. मी तिच्या पायाखाली पाट सरकवते नि भाकऱ्या थापाला जाते.