पाठवायची परवानगी

आमच्या समाजाच्या वधू-वर केंद्राचे सचिव मला पहिल्यापासून आवडत नव्हते, आणि हे मी कधी लपवलंही नाही. देवपुरातल्या त्या खोलीत संगणकाचं काम माझ्याकडे. एआयचा मदतनीस आणला तेव्हा त्याने काय काय करायचं, ते मीच ठरवलं. स्थळं शोधायची, पत्रिका जुळवायची, उत्तराचा मसुदा करून ठेवायचा. संदेश पाठवायची परवानगी मात्र मी दिली नाही. पाठवणार माणूसच.

कारण आमच्याकडे नकार कोणी देत नाही. 'कळवतो' म्हणतात आणि गप्प बसतात. महिनाभर फोन आला नाही की मुलीकडचे काय ते समजून घेतात. पुढे कुठल्या लग्नात गाठ पडली तरी दोन्हीकडचे एकमेकांना चहाचा आग्रह करतात. खरं कारण फक्त आमच्या शेऱ्याच्या रकान्यात असायचं.

मेळावा जवळ आला तशी सचिवांना घाई सुटली. मी दोन दिवस जळगावला गेले होते. तेवढ्यात त्यांनी मदतनिसाच्या सगळ्या परवानग्या उघडल्या आणि सांगितलं, "राहिलेल्यांना उत्तरं देऊन टाक." त्याने दिली, शेऱ्यातल्या कारणांसकट. भडगावच्या एका मुलीच्या वडिलांना आणि तिची चौकशी करणाऱ्या चारही घरांना एकच ओळ गेली: मुलगी पायाने लंगडते, म्हणून आधीच्या स्थळाचा नकार.

परत आल्यावर मी सचिवांना नाही नाही ते बोलले. "अक्कल गहाण ठेवायला तुम्हाला माझाच संगणक सापडला?" ते खुशाल म्हणाले, "अहो, यंत्राची चूक." त्यांचं तोंडही बघू नये असं मला झालं. यंत्राने सांगितलं तेवढंच केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भडगावची ती मुलगी आणि तिचे वडील, आबा, आले. आबांनी दारातूनच मोबाइल पुढे धरला.

"हाई कोनी लिखं?"

सचिवांनी संगणकाकडे बोट दाखवलं.

"त्यानी धाडं, ते माहीत शे," आबा म्हणाले. "लिखं कोनी?"

तो शेरा मी लिहिला होता. आधीच्या स्थळाच्या बाईंनी फोनवर सांगितलं तसंच, मुलीला एकदाही न बघता. इतके दिवस मी सचिवांवर तोंडसुख घेत होते आणि हे मला सुचलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मुलगी दारापासून माझ्या टेबलापर्यंत चालत आली. अगदी सरळ. "दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडले होते. सहा आठवडे प्लास्टर होतं, बस," ती म्हणाली. "आता चारही घरांना खरं सांगा."

"पाठवायची परवानगी आता बंद केलीये," सचिव घाईने म्हणाले.

त्यांच्याकडे न बघता मी फोन उचलला. पहिलं घर लावलं, स्पीकर चालू केला, चूक माझी होती हे कबूल केलं. मुलगी समोर उभी आहे, नीट चालते, हेही सांगितलं. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "कळवतो आम्ही."