डोंग्यातले आम्ही चौघं

भूत, भानामती, झपाटणं... यातलं मी काहीही मानत नाही हो. आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल, बसली म्हातारी गोष्टी रचायला. माझी शाळा चौथीपर्यंतची. बाकी वाचन झालं ते नवऱ्याच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीवर. पण तेवढ्या वाचनानंही माझे अंगारे-धुपारे सुटले. नात मोबाइलवर तुम्ही लिहिलेले अनुभव मला वाचून दाखवते तेव्हा मी हसत असते. परवा ती म्हणाली, "आजी, तुझ्यासोबत कधीच काही नाही झालं का?" आणि मी गप्प झाले. मी गप्प झाले की आमच्या घरात सगळ्यांना काळजी लागते... म्हणून लिहिते आहे.

जिल्हा भंडारा, तालुका पवनी. आसगावच्या बाजूचं एक खेडं. नाव नाही लिहीत, आमची माणसं अजून तिथं नांदतात. साल सत्त्याहत्तर की अठ्ठ्याहत्तर... माझी बेबी पुढच्या पावसाळ्यात पहिलीत बसायची होती, त्यावरून धरा. महिना मे. गावाच्या एका अंगाला मोठा जुना तलाव आणि तलावाच्या पल्याड पहाडी. आहे टेकडीच, पण आमच्या सपाट मुलखात तीच पहाडी. तिच्यावरून सगळा तलाव ताटात वाढल्यासारखा दिसतो. हे ध्यानात ठेवा.

त्या उन्हाळ्यात माझी नणंद शांता आणि तिचे मालक, म्हणजे आमचे भाऊजी, नागपूरहून आले होते. खरं तर त्यांचं कोकण आणि महाबळेश्वर ठरलं होतं. समुद्र आणि डोंगर, दोन्ही. पण भाऊजींची रजाच पुरी मंजूर झाली नाही. शांता तोंड फुगवून बसलेली. "दादल्यानं समुद्र दाखवतो म्हणलं अन् आणून सोडलं माहेरी, पापड लाटाले!"

भाऊजींना पक्ष्यांचं भारी वेड. गळ्यात सदान्‌कदा दुर्बीण, डोक्यावर पांढरी हॅट. ते म्हणाले, "समुद्र म्हणजे काय गं? पाणीच ना? तो पाहा तलाव. आणि डोंगर म्हणजे चढ. ती पाहा पहाडी. एका दिवसात दोन्ही दाखवतो!"

मग अंगणात बसून बेत सुरू झाला. मी आणि आमच्या सासूबाई कुरडया-पापडाच्या कामात. सासूबाईंना घरात सगळे 'बाई'च म्हणत, मीसुद्धा. बेत असा, की पहाटे निघायचं, मारोती ढिवराच्या, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्याच्या, डोंग्यातून तलावातल्या बेटापर्यंत जायचं. तिथल्या बाभळींवर पाणकावळ्यांची, बगळ्यांची वस्ती. मग पलीकडच्या काठाला उतरून पहाडी चढायची आणि उन्हं तापली की गिधाडं घिरट्या घालतात ती पाहायची. मोहाच्या सावलीत जेवण, आणि दुपारपर्यंत घरी. मारोतीला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "डोंगा काठाले बांधून ठेवतो, या तुमी." जाणार कोण, तर भाऊजी, शांता, मी आणि बेबी. यांना लग्नसराईत पवनीचं दुकान सोडून येणं शक्य नव्हतं.

मी बेबीचा पिवळा फ्रॉक काढून ठेवला. तिच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता. काळा दोरा सापडेना, म्हणून हिरव्या दोऱ्यानंच शिवला. वाकडातिकडा... पण पक्का.

आणि तेवढ्यात ते झालं. बेबी निंबाखाली कुरडईचा चीक खात बसली होती. कावळा आला, सरळ तिच्या डोक्यावर बसला. चीक सोडून डोक्यावर! पोरगी किंचाळली, मी धावले, कावळा उडाला.

बाईंचा चेहरा पांढराफटक.

आता हे नव्या पिढीला सांगावं लागतं. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे आमच्याकडे मरणाची खूण. त्यावर उतारा असा, की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी लांब राहणाऱ्या नातेवाइकांना पाठवायची. ते घटकाभर खरं समजून रडले की झालं, मरण रिकाम्या हातानं परत जातं. मग सांगायचं, खोटं होतं, आणि हातावर गूळ ठेवायचा.

बेबीचा मामा, म्हणजे माझा भाऊ, दिघोरीला. शेजारचा गणपत संध्याकाळच्या एसटीनं तिकडेच निघालेला. बाईंनी त्याला हाक मारली.

"गणपत, बेबीच्या मामाच्या घरी जाजो बापा. अंगणातूनच सांग, बेबी गेली म्हणा. रडू दे त्यायले. मंग सांग कावळा बसला व्हता म्हणून."

"हाव बाई. पर कशानं गेली म्हणू? थो इचारन न."

बाईंचे हात पिठात. डोकं कुरडयांत, बेतात, कावळ्यात. त्या म्हणाल्या, "सांग न काईबी... पक्षी पाहाले गेले व्हते अन् तलावात डोंगा उलटला म्हणा."

भाऊजी हसायलाच लागले. "अहो बाई, आम्ही उद्या जाणार, आणि तुम्ही आजच बुडवलं आम्हाला!"

"तुमाले कोण बुडवते जवाईबुवा? तुमी तं लाकडासारखे तरंगाल."

सगळे हसले. मीही हसले. पण ते शब्द माझ्या छातीत जाऊन बसले ते बसलेच. सकाळी निघताना मी भाऊजींना म्हटलं, "आधी पहाडी करू ना. लेकरू आहे, ऊन चढायच्या आत चढून होईल. तलाव मग पाहू." कारण उन्हाचं दिलं. खरं कारण सांगायची लाज वाटली.

भाऊजी कुरकुरले. "वहिनी, गिधाडं सकाळी उडत नाहीत." मग स्वतःच म्हणाले, "पण झाडीत नवरंग असेल... तो सकाळीच बोलतो. चला!" बेत उलटा झाला. आम्ही गावामागच्या वाटेनं, तलावाकडे न जाता पहाडीला लागलो. मारोतीला मात्र कुणीच कळवलं नाही.

नवरंग दिसला. हिरवा, निळा, पोटाखाली लाल... शांतासुद्धा समुद्र विसरली. वर पोचलो तोवर चांगलं लख्ख ऊन. मी टोपलं उघडून भाकरी आणि जवसाची चटणी काढत होते. बेबीनं दुर्बिणीसाठी हट्ट धरला, भाऊजींनी तिच्या गळ्यात घातली. ती तलावाकडे तोंड करून बसली. दुर्बीण डोळ्यांवरून काढीना.

मग म्हणाली, "माय, थे पाह्य मी."

"कोठी वो?"

"डोंग्यात. तू बी आहेस. आत्या बी आहे."

मला वाटलं पोरखेळ. "हाव का? अन् काय करून राहिलीस तू?"

"थे इकडंच पाहून राहिली."

तिच्या सांगण्यात खेळ नव्हता हो. मी दुर्बीण घेतली. आधी नुसतं पाणी चमकलं. मग डोंगा सापडला, बेटाच्या अलीकडे. त्यात चार माणसं. उभं राहून बांबूनं डोंगा रेटणारा पुरुष, डोक्यावर पांढरी हॅट. हिरवी छत्री घेतलेली बाई. टोपलं मांडीवर धरलेली दुसरी बाई, माझ्याकडे पाठ. अंगात तपकिरी, लाल काठाचं लुगडं... तेच त्या घडीला माझ्या अंगावर होतं. आणि पिवळा फ्रॉक. तेवढीच एक मागं वळून पहाडीकडे बघत होती.

मी दुर्बीण शांताच्या हातात दिली. तिनं पाहिलं आणि आपली हिरवी छत्री अशी छातीशी धरली, जशी कुणी हिसकून नेणार होतं. मग भाऊजींनी घेतली. ते पाहत होते तेव्हाच मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. डोंगा एका कुशीवर गेला. झोपेत माणूस कूस बदलतो तसा, सावकाश. आणि पालथा झाला.

भाऊजींनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचा हात डोक्यावर गेला, हॅट आहे का पाहायला.

"पाण्यावर हॅट तरंगते आहे," ते म्हणाले.

आम्ही कसे उतरलो मला आठवत नाही. बेबी माझ्या कडेवर होती आणि तिचं अंग मी इतकं आवळलं होतं की ती रडत होती. ते रडणं मला हवं होतं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचलो तर सगळा ढिवरपुरा जमलेला. बायका रडत होत्या. मारोतीची आई तुळसाबुढी जमिनीवर हात आपटून म्हणत होती, "लेकरू वो... पिवळा फराक घालून आलं व्हतं वो..." माणसं गळाभर पाण्यात जाळी ओढत होती. आम्ही त्यांच्या मागून आलो. आमच्याच मरणावर आम्ही मागून आलो.

पहिल्यांदा तुळसाबुढीनं वळून पाहिलं. तिचा हात तसाच हवेत राहिला. म्हणाली, "पाय दाखवा."

भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. आम्ही चौघं ओळीनं उभे राहिलो आणि सगळं गाव आमच्या पायांकडे वाकून पाहत राहिलं. भाऊजी नागपूरचे शिकलेले, सरकारी नोकर... तेही गुमान उभे.

मारोती पाण्यातून बाहेर आला. थरथरत होता, मे महिन्यात. म्हणाला, "तुमी सकाळी आले न. बोलले नाई कोनी. माझ्या समोरून डोंग्यात जाऊन बसले. मी जाळं सोडून उठलो, म्हणलं थांबा, मी येतो, तुमाले चालवता नाई येनार... तुमी पाह्यलं बी नाई."

मग त्याची नजर बेबीच्या पायांवर गेली. त्यानं मूठ पुढं केली. जाळ्यात आलेली चप्पल. लहान, डाव्या पायाची. पट्टा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला, वाकडातिकडा.

मी खाली पाहिलं. बेबीच्या दोन्ही पायांत चपला होत्या. डाव्या पट्ट्यावर हिरवा दोरा.

माणसाला आपल्या हातचा टाका ओळखू येतो हो. तो माझा टाका होता. दोन्हींवर.

शांतानं रडत रडत बाईंच्या निरोपाचं सांगून टाकलं. तुळसाबुढीनं कपाळावर हात मारला. "खोट्या मरनाले ताप सांगाचा, खोकला सांगाचा. जागा नाई सांगाची वो! जागा सांगतली का मरन थेथं येऊन वाट पाहाते. अन् तुमी गेले नाई..."

बातमी ऐकून बाई धावत आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं बेबीला जवळ घेतील. त्यांनी आधी ती ओली चप्पल घेतली, पदरानं पुसली.

आणि घरी येऊन सुतक धरलं. भाऊजी म्हणाले, "बाई, अहो आम्ही जिवंत आहोत! सुतक कोणाचं?"

"तुमी आहा. पर कोनीतरी गेलंच न, बापा? आपल्या जागी बसून गेलं. त्यायच्यासाठी रडाले कोन आहे?"

भाऊजींनी बिनपगारी रजा घेतली, दहाव्यापर्यंत थांबले. रोज नवं कारण काढायचे. मृगजळ असेल, उन्हाची थरथर असेल, दुसरी कुणी माणसं असतील. पण आसपासच्या कुठल्याच गावातून कुणी हरवलं नव्हतं. तलावात कुणाचा देह कधी निघाला नाही. आणि शांता एकदाच त्यांना म्हणाली, "मृगजळाले चप्पल कोन शिवून देते जी?" त्यानंतर ते कारणं काढायचे थांबले.

दहाव्या दिवशी सकाळी बाईंनी पाळीवर भाताचे चार घास ठेवले. तीन मोठे, एक लहान. लहान्याशेजारी ती चप्पल. आम्ही मागं उभे. कावळे आले. एक घास गेला, दुसरा गेला, तिसरा... माझ्या नावचा घास कावळ्यानं उचलताना मी उभी राहून पाहिला आहे. ते कसं वाटतं ते लिहिता येत नाही.

चौथ्याला कावळा शिवेना. बाभळीवर बसून राहिला. बाईंनी हात जोडले, दूध देईन म्हणाल्या, नवा फ्रॉक देईन म्हणाल्या. नाही म्हणजे नाही. ऊन चढत चाललं.

तेवढ्यात बेबी माझा हात सोडून पुढं गेली. मी ओढणार होते, पण बाईंनी मला हातानं अडवलं. बेबी खाली बसली, आपल्या उजव्या पायातली चप्पल काढली आणि त्या चपलेला लावून ठेवली. जोड झाली.

"थिच्यापाशी एकच आहे न," ती बाईंना म्हणाली. "थे घरी जाईन कशी?"

ती उठून मागं सरली, आणि कावळा उतरला. घास घेऊन पाण्यावरून गेला.

एवढंच आहे. बाई गेल्या, भाऊजीही गेले. दुर्बीण ते आमच्याकडेच सोडून गेले होते, पुन्हा कधी मागितली नाही. बेबीला आता सून आली. तिला यातलं फारसं काही आठवत नाही म्हणते. मी अजून मानत नाही हो काही. पण डोंग्यात कोण होतं, आणि माझा टाका दोन चपलांवर कसा आला, ते मला आजवर कुणी सांगू शकलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा.

त्या दिवशी बेबी एका पायानं अनवाणीच घरी आली. धूळ तापायला लागली होती, शांता म्हणाली, "वहिनी, कडेवर घे न थिले." मी घेतलं नाही. मी मुद्दाम मागं राहिले आणि धुळीत पाहत चालले... एक चपलेचं पाऊल, एक उघडं, एक चपलेचं, एक उघडं. दोन्ही सरळ. घराच्या उंबऱ्यापर्यंत.