नाव घेतलं की गुण जातो

यमुनाकाकी पाला खुडायला निघाली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. वाटेत कुणी हाक मारली तरी हूं की चूं नाही. एरवी या बाईच्या तोंडी लागायची आमच्या कासू गावात कुणाची छाती नव्हती. आमच्या दोघींच्या परसांमध्ये एकच कुंपण, त्यामुळे तिची दोन्ही रूपं मला रोज बघायला मिळत.

लग्न ठरलेल्या मुली केसांना तेल मागायला येत. त्यांना ती सगळं सांगायची. माका, जास्वंद, खोबरेल, मंद आच. चेहऱ्याला कोरफडीचा गर, तोही आधी हातावर लावून बघायचा. पण काविळीवर ती जो रस द्यायची, तो कशाचा हे तिच्या मुलाला, अनंतलाही ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायची, "रूपाला नाव चालतो गो, रोगाला नाय. नाव घेतला का गुण गेला."

"मग पेटंट घे काकी," मी चिडवायची.

"तू घे. माजा पाला तेवढा घेव नको."

गेल्या वर्षी तिलाच कावीळ झाली. तिनं आपलाच रस घेतला, आणि घेतच राहिली. पाय सुजले तेव्हा अनंतनं आणि मी तिला बळेच पेणला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितले. म्हणाल्या, "रस कशाचा होता? काही पाल्यांनी लिव्हर आणखी बिघडतं. कळलं तर मला काही करता येईल." काकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. अनंत पाया पडला. मी कासूला जाऊन तिच्या परसातला हाती लागेल तो पाला पिशवीत भरून आणला आणि एकेक पान तिच्यासमोर धरलं. "नाव घेऊ नको काकी, नुसती मान हलव."

तिनं डोळे मिटून घेतले. "मिठागरातली सुमन अजून माज्या औषधावर हाय," ती हळू म्हणाली. "माज्यापायी तिचा गुण घालवू?"

मला रागानं रडू आलं. जीव वाचवायला आम्ही आलो होतो आणि ही भलत्याच बाईचा जीव सांभाळत बसली होती. त्याच रात्री तिची शुद्ध हरपली, ती परत आलीच नाही.

काकीचं दिवसकार्य झाल्यावर सुमन भेटायला आली. धरमतरकडून बस बदलत आली होती. पिशवीत काकीची बाटली, तळाशी थोडा रस. मी म्हटलं, "ही बाटली दे मला. आपण दोघी पेणला डॉक्टरबाईंना दाखवू. हा रस आता पिऊ नको, सुमन."

तिनं बाटली पदराखाली घेतली. "असा बोलू नको गो. काकीनी जीव दिला पन नाव नाय दिला. तो गुण मी घालवू?"

मी हात जोडले. तिनंही जोडले, आणि उन्हात बसस्टॉपकडे निघाली. तिचे डोळे काकीच्या डोळ्यांइतकेच पिवळे होते.