कमेंटला उत्तर द्यायचंच!

लिहिणारी चार माणसं एका गावात असली की लेख कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आम्ही भंडाऱ्यातले चौघं एकाच मराठी ब्लॉग साइटवर लिहितो आणि दर रविवारी एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चहाला भेटतो. सुलभाताई नर्स होत्या, देवाजी सर गणित शिकवायचे, परसरामभाऊ शेतकरी आणि मी कचेरीतला कारकून. आमचा नियम एकच. लेखाखाली कमेंट आली की लेखकाने उत्तर द्यायचंच! वाचणारे मुळात बोटावर मोजण्याइतके. त्यांच्याकडेही पाठ फिरवली तर लिहायचं कोणासाठी?

* * *

पहिला किस्सा माझ्याच बेअब्रूचा. मी ऑफिसात लपूनछपून कमेंट्स टाकायचो, तेही लेख न वाचता. "मस्त! अजून येऊ द्या!" हे वाक्य मोबाइलमध्ये तयारच ठेवलेलं. एकदा सुलभाताईंच्या लेखाखाली तेच टाकलं. लेख होता त्यांच्या सासूबाई गेल्या त्या दिवसावर.

दहा मिनिटांत उत्तर आलं, "धन्यवाद. पण सासू एकच होती!"

रविवारी मी माफी मागितली, त्या हसल्या. मला मात्र ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

* * *

देवाजी सरांच्या लेखाला आंबागडच्या एका रिटायर्ड मास्तरांनी "छान" म्हटलं. सरांनी लिहिलं, "आभार." मास्तर म्हणाले, "आभार कसले!" मग "आपलं मोठेपण", मग "मोठे तर आपण!" चाळीस कमेंट्स झाल्या, लेख राहिला बाजूला. शेवटी सरांनी फोनच लावला.

"मास्तर, आता थांबाचं का?"

"थांबू ना. पन आधी तुम्ही थांबा. मी थांबलो तं उद्धट दिसन!"

मास्तर मागच्या वर्षी गेले. शेवटची कमेंट सरांचीच राहिली. ते पान सर अजून अधूनमधून उघडून बघतात आणि आम्ही बघितलं की मोबाइल खिशात टाकतात.

* * *

सुलभाताईंच्या एका लेखाला एकही कमेंट आली नाही. आम्ही तिघांनीही वाचला होता, पण प्रत्येकाला वाटलं, बाकीचे दोघं लिहितीलच. दोन दिवसांनी ताईंनी स्वतःच खाली लिहिलं, "कोणी आहे का?"

आणखी दोन दिवस गेले. नियम म्हणजे नियम! ताईंनी त्या कमेंटलाही उत्तर दिलं, "नाही."

* * *

आता परसरामभाऊ. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. ते त्या गावावर लिहितात, एकेका लेखात एकेक घर. कोणी नुसतं "नाइस" लिहिलं तरी हा माणूस पानभर उत्तर देणार! मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढं कायले लिहिता?"

"माया भाऊ वाचत असन तं? मी सगळ्यायले उत्तर देतो, हे त्याले दिसलं पायजे. मंग तोबी लिहीन."

घरं सोडायची नाहीत, असं गावाने ठरवलं होतं. परसरामभाऊंनी मुलांच्या शाळेपायी सगळ्यांच्या आधी घर सोडलं. धाकटा यादव म्हणाला, "तूच गाव बुडवलं." तेव्हापासून अबोला. यादव दुसऱ्या पुनर्वसन वस्तीत राहतो, फोन उचलत नाही.

* * *

मग एक दिवस भाऊंच्या स्वतःच्या घरावरच्या लेखाखाली निनावी कमेंट आली, "आंगनात कडूनिंब नव्हता. चिच होती."

परसरामभाऊ टपरीवर धावतच आले. "यादव हाये!"

"कशावरून?" सरांनी विचारलं. "चिंच तर साऱ्या गावाले मालूम असन."

"चिच मालूम असन. पन मले चुकलं म्हनाची हिंमत एकालेच होती!"

पाच शब्दांना उत्तर लिहायला आम्ही चौघं दीड तास बसलो. ताई म्हणाल्या, नाव विचारू नका, बुजेल. सर म्हणाले, सुरुवात आभारानेच करा. शेवटी गेलं ते एवढंच, "धन्यवाद. दुरुस्ती करतो." पलीकडून काही आलं नाही.

पण परसरामभाऊंना युक्ती सापडली. ते मुद्दाम चुकायला लागले! विहीर दक्षिणेला नेली, म्हशीचा रंग बदलला. दर वेळी एका ओळीची दुरुस्ती यायची, "विहीर उत्तरेले." भाऊंचं उत्तर ठरलेलं, "धन्यवाद. दुरुस्ती करतो." दीड वर्ष दोन सख्खे भाऊ एवढंच बोलले. आम्ही आधी हसायचो. नंतर हसवेना.

* * *

मागच्या महिन्यात परसरामभाऊंनी गाव सोडल्याच्या दिवसावर लिहिलं. त्यात वाक्य होतं, "ट्रॅक्टरवर सामान भरलं आणि निघालो. माझा भाऊ मला पोचवायला आला होता."

यादव त्या दिवशी आला नव्हता, हे त्यांनीच आम्हाला दहादा सांगितलेलं. देवाजी सर म्हणाले, "भाऊ, ही चूक लयच मोठी केली तुम्ही."

"राहू द्या," ते म्हणाले.

आठ दिवस काहीच आलं नाही. त्या आठवड्यात आम्ही रोजच टपरीवर जमायला लागलो. परसरामभाऊ चहा घ्यायचे, मोबाइल बघायचे, पुन्हा खिशात ठेवायचे. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पुढच्या रविवारी टपरीवरच त्यांचा मोबाइल वाजला.

"पोचवाले नव्हतो आलो. देवळाच्या मांगं उभा होतो."

दीड वर्ष त्या माणसाने झाडं, विहिरी, म्हशी दुरुस्त केल्या होत्या. स्वतःबद्दल हा पहिलाच शब्द. सुलभाताईंनी पदर डोळ्यांना लावला. सर सवयीने म्हणाले, "आधी धन्यवाद लिहा."

परसरामभाऊंनी ऐकलं नाही. एका बोटाने बराच वेळ टाइप केलं, कोणालाही न दाखवता पाठवून दिलं आणि चहाचे पैसे देऊन निघून गेले. आम्ही तिघांनी आपापले मोबाइल उघडले.

"मालूम हाये. मले दिसला होता तू."