टाकीची गॅरंटी

कौसल्या गेल्याचं तिच्या मुलानं अमरावतीहून फोन करून कळवलं. "मावशी, आई सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. मी दोन-चार गोष्टी विचारल्या, त्यानं उत्तरं दिली... फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे आली ती अकोल्याच्या जुन्या शहरातली आमची खोली, आणि तिच्या कोपऱ्यात बसून पितळ घासणारी कौसल्येची पाठ. या गोष्टीला दीड महिना झाला. आता शांतपणे लिहिता येईल असं वाटतं.

आम्ही दोघी अकोल्याच्या दवाखान्यात नर्स होतो. ती चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातली. तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी अमरावतीच्या माळ्याची, घरचा भाजीपाल्याचा मळा. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एक खोली आम्ही मिळून भाड्यानं घेतली. चूल मात्र घरमालकीण काकूंची, मागच्या पडवीत. पहिले काही दिवस दोघींचा स्वयंपाक मीच तिथं करत असे. मग कौसल्या कोण, हे काकूंना कुठूनसं कळलं. त्या मला म्हणाल्या, "शांता, तू तुह्यापुरतं कर. तिचं माह्या चुलीवर चढणार नाई." मी भांडायला उभी राहिले तर कौसल्येनंच माझा हात धरून मला खोलीत आणलं. "तू काहून भांडून राहिली वं? खोली गेली तं दोघी कुठं जाऊ? मले भांडण नाई पायजे, मले माही आग पायजे."

पुढच्या सुटीत ती घरी गेली आणि येताना अमरावतीच्या भंगारवाल्याकडून एक स्टोव्ह घेऊन आली. पितळेचा, पंप मारून पेटवायचा, पण काजळीनं इतका काळा की पितळ आहे हे सांगावं लागावं. चिंच आणि राख घेऊन ती त्याच्याशी झटत बसली. बर्नर नवा बसवला, पंपातला वाळून गेलेला चामड्याचा वायसर बदलला. स्टोव्ह सोन्यासारखा झाला. घासलेट भरलं आणि टाकीच्या सांध्यातून ते झिरपायला लागलं... पेटवला असता तर खोलीसकट आम्ही दोघी गेलो असतो. गल्लीतला कल्हईवाला म्हणाला, सांध्याला कथलाचा डाग मारून देतो. कौसल्येनं त्याला हात लावू दिला नाही. स्टोव्हबरोबर आलेल्या पत्र्याच्या डब्यात तिला कंपनीचा गॅरंटीचा कागद सापडला होता. टाकी गळल्यास बदलून देऊ असं त्यावर छापलेलं होतं आणि बऱ्याच वर्षांची ती मुदत अजून उरली होती.

अकोल्यात त्या कंपनीचा एजंट होता. आम्ही गेलो. त्यानं कागद पाहिला, आमच्याकडे पाहिलं. "बाई, हा स्टोव्ह तुमी घेतला का आमच्याकडून? ज्यानं घेतला त्याले गॅरंटी."

"गॅरंटी टाकीची लिवली हाये," कौसल्या म्हणाली. "माणसाची कुठं लिवली हाये, दाखवा."

"तुमी खोलला नं पण त्याले? बर्नर नवा दिसून राहिला."

"बर्नर खोलला. टाकीले हात नाई लावला. पाहा, डागाचा ठिपका बी नाई."

तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला वाटलं, संपलं. पण त्यानंतर दर सुटीला कौसल्या स्टोव्ह पिशवीत घालून त्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसायची. आवाज चढवला नाही, विनवणीही केली नाही. कोणी स्टोव्ह घ्यायला आलं आणि "सिस्टर, तुमी इथं काहून बसल्या?" असं विचारलं, की ती जसं घडलं तसं सांगायची. त्या दिवसांत ती खोलीत दवाखान्यातून आणलेली सकाळची थंड भाकर खायची. मी चुलीवर केलेलं पुढं केलं तर म्हणायची, "थे काकूच्या आगीचं हाये." मलाही मग ते गिळवत नसे. शेवटी एजंटनं कंटाळून स्टोव्ह कंपनीकडे पाठवला. दिवाळी होऊन गेली, आणि नवी टाकी बसवून स्टोव्ह परत आला.

काकूंना वाटलं, घर जळेल. कौसल्येनं त्यांना दारात उभं करून त्यांच्यादेखत स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत, एकसारखा आवाज. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "घेता का, काकू?" काकू म्हणाल्या, "मले उपास हाये." दुसऱ्या दिवशीही तिनं विचारलं. मग रोजच. कधी काकूंना उपास, कधी पित्त, कधी नुकताच झालेला. कौसल्या विचारायची थांबली नाही, आणि उत्तरावर तिचा चेहराही कधी बदलला नाही. मला राग यायचा. तिला येत होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

काही वर्षांनी तिची बदली अमरावतीला झाली. निघायच्या दिवशी सामान बांधलेलं, स्टोव्हवर शेवटचा चहा. काकू आपणहून दाराशी आल्या. हातात त्यांचा स्वतःचा कप होता. त्यांनी तो पुढं केला, कौसल्येनं भरला, आणि त्या उंबऱ्यावर बसून सगळा चहा प्यायल्या. स्टेशनवर मी तिला म्हटलं, "पाहिलं? कप सोताचा आणला त्यायनं!" ती म्हणाली, "आपल्याकडं कप दोनच होते नं वं."

असं म्हणताना ती हसत होती का, ते मला आठवत नाही... गाडी लागली होती, गर्दी होती.

स्टोव्ह ती माझ्याकडे ठेवून गेली. पुढं घरी गॅस आला, घासलेट मिळेनासं झालं, स्टोव्ह माळ्यावर गेला. परवा मी तो खाली काढला, घासला, टाकीत पाणी भरलं आणि ओट्यावर वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून दिला. संध्याकाळी उचलून पाहिलं. कागद कोरडा होता.